कडी कोणी लावली, गिरजाबाई?

गिरजाबाई, आज तुमच्या तेरवीला अंगणात पंगत वाढणं चालू असताना वनितानं मला गोठ्याकडे बाजूला बोलावलं. मला वाटलं, डब्याचं विचारत असेल. माझा रोजा होता, मी जेवणार नव्हतो, म्हणून सकाळपासून ती "भाऊ, जाताना डबा घेऊन जाजा" असं सांगून गेली होती. तर डब्याचं काही नव्हतं. पदराला हात पुसत पुसत तिनं विचारलं, "हमीदभाऊ, आईच्या त्या नाटकात चूक कोणाची होती जी?"

मी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हटलं, "बेटा, आता माणसं जेवून राह्यली. उद्या सकाळी येतो, मंग सांगतो." तिनं मान हलवली आणि भाताची परात उचलून पंगतीत गेली. उद्या दुपारच्या गाडीनं ती चंद्रपूरला परत जाणार आहे, दवाखान्यातली तिची सुटी संपली. म्हणजे उत्तर द्यायला माझ्याजवळ एक सकाळ आहे.

हाच प्रश्न तुम्ही विचारला असता तर गाडी वडसा गावाला पोचेपर्यंत माझं तोंड थांबलं नसतं. आपण या एका प्रश्नावर अर्धं आयुष्य भांडलो. नाटक कंपनीच्या गाडीत भांडलो, चहाच्या टपरीवर भांडलो, तुमच्या पातळाला फॉल लावता लावता भांडलो. पण वनिताला नाटकातलं काही विचारायचं नाही, हे मला कळतं. तुम्ही तिला त्या पावसाळ्यात माहेरून परत सासरी पाठवलं, त्याचा जाब तिला तुमच्याकडून हवा होता. तुम्ही गेलात. आता ती नाटकातल्या सासूचा जाब माझ्याकडे मागते आहे, आणि मी जे बोलेन ते ती तुमच्या नावावर धरणार आहे. तुम्ही मरून मोकळ्या झालात आणि हे भिजत घोंगडं माझ्या खांद्यावर टाकून गेलात. मी थकलो आहे, बाई. गुडघे बोलतात, मशीनवर पाय चालत नाही, आणि त्यात हे.

म्हणून म्हटलं, तिच्याशी बोलण्याआधी तुमच्याशी एकदा भांडून घ्यावं.

लोकांच्या लेखी मी कुरखेड्याचा शिंपी. धान निघालं, दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या की होळीपर्यंत मी नाटक कंपनीचा प्रॉम्प्टर. रोज नवं गाव, रोज निराळं नाटक, तालमीला कोणाला वेळ नाही, त्यामुळे आपल्या झाडीपट्टीत प्रॉम्प्टरशिवाय पान हलत नाही. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर पुस्तक ठेवायचं, आणि नटाला वाक्य लागायच्या जरा आधी ते हळूच सोडायचं. तुम्ही मात्र माझ्याकडून फार वाक्यं घेतली नाहीत. तुमचं पाठांतर पक्कं होतं, आणि त्याचा तुम्हाला गर्वही होता. "भाऊ, आज तुमी झोपा, आज माह्यं नाटक हाय," असं म्हणून पदर खोचून उभ्या राहायच्या.

तुमचं नाटक म्हणजे 'रिकामा डोंगा'. कोण्या जुन्या मास्तरानं लिहिलेलं, माझ्या आज्यानं पाहिलेलं, अजूनही मागणी असलेलं. गोष्ट सगळ्यांना पाठ. नदीकाठचा पाटील, त्याची पाटलीण, सून चंद्रा, मुलगा परगावी गेलेला. सुनेबद्दल कोणीतरी पाटलाच्या कानात भरवतं. पाटील म्हणतो, "ही आज या घरात नको," आणि आत निघून जातो. पाटलीण सुनेला उंबऱ्याबाहेर करते आणि आतून कडी लावते. बाहेर पूर. चंद्राचं माहेर नदीपलीकडे, ती काठावरून नावाड्याला हाक मारते. नावाड्याला पाटलाची ताकीद, तो डोंगा सोडत नाही. ती पाण्यात शिरते. दुसऱ्या दिवशी मुलगा त्याच डोंग्यातून घरी येतो. पडदा.

म्हणजे पाहा, चार माणसांनी मिळून एक पोरगी मारली. पण गावाचा हिशेब वेगळा असायचा. पाटलाची भूमिका करणाऱ्याला टाळ्या, कारण त्याचा आवाज भारी. नावाड्याच्या गाण्याला वन्समोर. मुलाच्या रडण्यावर बाया डोळे पुसायच्या. आणि शिव्या सगळ्या तुम्हाला. बाकीच्यांनी जे केलं ते तोंडानं केलं, नाहीतर काहीच केलं नाही. हात फक्त तुमचा दिसायचा. कडी खणकन वाजली की अख्ख्या मंडपातून "अवं रांडे, उघड!" असं यायचं.

त्या कडीवरून तुम्ही मला कितीदा छळलं. कारण स्टेजवरचं दार कापडाचं, त्याला कसली कडी? आवाज विंगेतून मीच काढायचो, फळीला ठोकलेल्या लोखंडी कडीचा. "कडी तुमी वाजवता अन् शिव्या मले काऊन?" तुम्ही गाडीत सगळ्यांसमोर विचारायच्या. "उद्यापासून पडदा पडल्यावर हमीदभाऊले पुढं उभा करा, गावाले सांगा, हाच हाय तो." सगळी गाडी हसायची. मीही हसायचो, पण चूक पाटलिणीचीच, हे माझं मत बदललं नाही.

एका गावाचं तुम्हाला आठवत असेल. नाटक झालं की नटांना घराघरात जेवायला नेतात, तशी तुमची पाळी एका म्हातारीच्या घरी आली. मी तुमच्यासोबत होतो. म्हातारीनं माझं ताट आत मांडलं आणि तुमचं पडवीत. तुम्ही विचारलं, "बाई, मी काऊन बाहेर?" ती म्हणाली, "त्या पोरीले तू पुरात बाहेर काढलीस ना? आज तू बी बाहेरच जेव." म्हातारीच्या तोंडावर हसू नव्हतं. तुम्ही निमूटपणे पडवीत बसलात आणि ताट चाटूनपुसून साफ केलंत. परतताना मला म्हणालात, "पाहा भाऊ, याले म्हणते ॲक्टिंग!" त्या दिवशी तुम्ही मेडल मिळाल्यासारख्या चालत होत्या. तेव्हा तुम्ही जवान होत्या आणि वनिता शाळेत जात होती. तिला पोरं "कडीवालीची पोट्टी" म्हणून चिडवतात, हे तुम्हाला खूप उशिरा कळलं. ती घरी सांगत नसे. फक्त नाटकाला येणं तिनं बंद केलं.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचो, ज्याचा हात त्याची चूक. पाटील बोलला आणि आत गेला, तो काही पाहायला थांबला नव्हता. कडी हळूच ढिली ठेवली असती तर कोणाला कळलं असतं? तुम्ही उसळायच्या. "वा रे भाऊ! तुमच्या दुकानात झंपर बिघडला का तुमी काय सांगता गिऱ्हाइकाले? का माप तुमीच चुकीचं देल्लं. तवा हात कोणाचा असते? कात्री कोणाची असते?" गिऱ्हाइकाला मी सांगतो तसंच. मग मी आवाज चढवायचो. तुम्ही म्हणायच्या, घर पाटलिणीचं नाही, दार तिचं नाही, मग कडी तिची कशी? जिचं काहीच नाही तिला चूक तेवढी कशी मिळाली? मी म्हणायचो, बाई, हे भाषण आहे. तुम्ही म्हणायच्या, "हो, भाषणच हाय, अन् तुमी ते कापता."

तेही खरं होतं. नाटकात कडी लावल्यावर पाटलिणीचं एक मोठं बोलणं आहे. आपण त्याला दाराआडचं बोलणं म्हणायचो. बाहेर सून दार वाजवते आणि आत सासू दाराला पाठ लावून बोलते. पुस्तकात ते चांगलं दीड पान आहे. पण नावाड्याच्या गाण्याला वन्समोर मिळायचे, एक लावणी मालक वरून घुसवायचे, वेळ जायचा, आणि दरवेळी हेच पान दुमडलं जायचं. मालक म्हणायचे, "सासूचं रडगाणं कोण ऐकते? पोरगी बुडवा लवकर." हुकूम त्यांचा, पुस्तक माझ्या मांडीवर, आणि तुम्हाला मालकांवर चिडता येत नसे म्हणून माझ्यावर चिडायच्या. मी ते ऐकून घेत असे. एवढं ऐकून घेणं प्रॉम्प्टरच्या कामातच येतं.

एकदाच ते बोलणं झालं. एटापल्लीकडच्या एका गावात. नावाड्याचं काम करणाऱ्याचा घसा बसला, गाणं रद्द, आणि मालक विंगेत येऊन म्हणाले, "काहीही करा, पण वेळ भरा." मी दुमडलेलं पान उलगडलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि तुमचा चेहरा उतरला. सगळं नाटक पाठ, पण हे पान कधी बोललाच नव्हत्या. पहिल्यांदा तुम्हाला माझी गरज पडली. मी एक एक वाक्य सोडत गेलो आणि तुम्ही उचलत गेलात. 'ही कडी मी बसवली नाही. मी या घरात आले तेव्हा ती दाराला होतीच. पहिल्या वर्षी मीही त्या बाजूला उभी होते, सूनबाई, आणि तेव्हाही ती आतूनच लागत असे.'  या वेळी मंडपातून शिव्या आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही हातपंपावर तोंड धूत होत्या. जंगलातल्या पाड्यावरून आलेली एक माडिया म्हातारी तुमच्याजवळ येऊन उभी राहिली. तिला आपली बोली जेमतेम येत होती. तिनं तुमच्या हाताला धरून विचारलं, "तुह्या सासूनं तुले बाहेर ठेवलं, तवा तू कुठी झोपली?"  पुस्तकात ते लिहिलेलं नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, जणू ते वाक्यही मी देईन. म्हातारी तुमचा हात थोपटून निघून गेली. गाडीत बसल्यावर तुम्ही म्हणालात, "पाहा भाऊ, बोलू देल्लं त लोकाइले समजते." मी म्हटलं, समजलं तरी पोरगी बुडालीच ना. तुम्ही म्हणालात, "तुमी मेल्यावर बी वाद घालसान." मेलात तुम्ही आणि वाद मी घालतो आहे. नशिबाची थट्टा दुसरं काय.

आता पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिल्याशिवाय उद्याचं उत्तर सापडणार नाही.

वनिताचं लग्न झालं, नदीपलीकडे दिली. त्या पावसाळ्यात नाल्यावरून पाणी होतं, गाड्या बंद होत्या. एका दुपारी मी दुकानात बसलो असताना ती रस्त्यावरून चालत जाताना दिसली. चिखल गुडघ्यापर्यंत, हातात पिशवी नाही. मी हाक मारली तर थांबली नाही. संध्याकाळी मी तुमच्याकडे आलो. तिला कोरडं पातळ दिलं होतंत, ती चुलीजवळ बसून भात खात होती. नवरा मारतो, एवढंच ती म्हणाली. तुम्ही मला बाहेर अंगणात आणलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "भाऊ, मले आधीच गाव नाटकवाली म्हणते. आता म्हणतीन, नाटकवालीची पोर नांदली नाई. तिचा बाप असता त गोष्ट निराळी होती." मी म्हटलं, बाई, राहू द्या पोरीला. तुम्ही म्हणालात, "राहू देतो ना. चार दिवस." पाणी उतरलं त्या दिवशी तुम्ही स्वतः तिला नाल्यापर्यंत सोडून आलात. जाताना डोक्यावरून हात फिरवला, दोन पायल्या पोहे बांधून दिले, समजावून सांगितलं. सगळं मायेनं केलंत. आणि थंडी पडायच्या आत ती पुन्हा आली तेव्हा तिचा डावा कान गेला होता. एका थपडेत. त्या कानाला पुन्हा ऐकू आलं नाही.

तेव्हा मात्र तुम्ही तिला ठेवून घेतलंत. गावाशी भांडलात, तिच्या नवऱ्याच्या घरच्यांना अंगणातून हाकललंत, तिला चंद्रपूरला नर्सिंगला पाठवण्यासाठी शेताचा तुकडा विकलात. हे मी पाहिलं आहे, आणि गावानंही पाहिलं आहे. तुमच्यासारखी हिमतीची बाई मी कुरखेड्यात दुसरी पाहिली नाही. पण त्या पहिल्या वेळेबद्दल तुम्ही दोघी कधी बोलला नाहीत. ती दर दिवाळीला यायची, तुमच्या शेजारी बसून तांदूळ निवडायची, आणि बोलणं पावसावर, धानावर, शेजारच्या म्हशीवर.

त्या वर्षीच्या मंडईत आपली गाडी निघाली. कोणीतरी नेहमीसारखा विषय काढला, आणि मी नेहमीसारखं म्हटलं, हात तिचा होता. तुम्ही खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "हो. तिचाच होता." मला वाटलं, चेष्टा चालली आहे. म्हटलं, अहो पण पाटील समोर उभा होता ना? तुम्ही म्हणालात, "तो आत गेला होता." म्हटलं, तिनं उघडलं असतं तर तिलाही काढलं असतं. तुम्ही म्हणालात, "काढलं असतं त निघाली असती. दोघी गेल्या असत्या नदीवर. दोघींनी हाक मारली असती त नावाड्यानं डोंगा सोडला असता."

 मग माझ्या लक्षात आलं की मी तुमची बाजू मांडतो आहे आणि तुम्ही माझी. त्यानंतर ते तसंच चालू राहिलं. दर वर्षी मी त्या पाटलिणीसाठी नवीन कारणं शोधून आणायचो. ती भ्यालेली होती, तिला वाटलं सून शेजारच्या गोठ्यात जाईल, तिलाही कोणी कधी दार उघडलं नव्हतं. तुमचीच जुनी कारणं, मी शिंप्यासारखी उलटवून पुन्हा शिवायचो. तुम्ही एक एक उसवून टाकायच्या. एका वर्षी नवा मालक आला. त्याला जुनी पुस्तकं आवडायची. तो म्हणाला, बाई, यंदा दाराआडचं बोलणं ठेवू. मला आनंद झाला. तुम्ही म्हणालात, "नको. ते आता माह्या तोंडात बसत नाई." मालक माझ्याकडे पाहत राहिला. मी पान दुमडलं.

मग भामरागडहून परततानाची ती सकाळ. गाडी पंक्चर झाली, ड्रायव्हर चाक काढत होता, बाकीचे नट उन्हाला पाठ देऊन डुलक्या घेत होते. आपण दोघं पुलाच्या कठड्याला टेकून उभे होतो. पावसाळ्यात तो पूल पाण्याखाली जातो. तेव्हा खाली वाळू होती आणि एक बारीक धार. तुम्ही त्या धारेकडे पाहत म्हणालात, "भाऊ, त्या पाटलिणीले पाटील तरी होता. माह्या घरी कोणता पाटील होता जी? मले कोणीच नाई म्हणलं का पोरीले काढ. कडी माह्या एकटीच्या हातात होती."

मी म्हटलं, "बाई, हे वनिताले सांगा."

"काय सांगू?"

"हेच. जे मले सांगितलं तेच."

"सांगीन. या दिवाळीले सांगीन."

ती दिवाळी गेली. पुढची आली तेव्हा मी आठवण दिली. तुम्ही म्हणालात, धान कापणं होऊ द्या. धान कापून झालं, मळून झालं, पोरगी आली आणि गेली. मग म्हणालात, तिची परीक्षा आहे. मग म्हणालात, तिला नोकरी लागू द्या, आनंदात कशाला. मी प्रत्येक दिवाळीला वाक्य सोडत राहिलो आणि तुम्ही ते उचललं नाही. स्टेजवर असं झालं असतं तर मी विंगेतून चप्पल फेकून मारली असती. शेवटच्या महिन्यात तर ती तुमच्या उशाशीच होती. तुमचं अंग पुसायची, औषध द्यायची. मी भेटायला आलो की तुम्ही माझ्याकडे पाहायच्या आणि मी भुवई उडवायचो. तुम्ही डोळे मिटून घ्यायच्या. मला राग यायचा, बाई. मरणाऱ्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण मी घरी येऊन भिंतीशी बोलायचो.

तर उद्या मी तिला काय सांगू? नाटकातल्या बाईची चूक नव्हती असं म्हटलं तर तुमची जुनी बाजू जिंकते आणि पोरीचा कान खोटा पडतो. चूक होती म्हटलं तर तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि मी तुमच्याच अंगणात उभा राहून तुम्हाला दोष देतो. इथपर्यंत लिहिलं आणि डोकं चालेनासं झालं.

हे काल लिहून ठेवलं होतं. आज सकाळी तुमच्याकडे जाऊन आलो.

वनिता पिशवी भरत होती. "चहा ठेवतो, भाऊ," म्हणाली आणि लगेच जीभ चावली, "अरे हो, तुमचा रोजा." मी तिच्या उजव्या बाजूला बसलो. म्हटलं, बेटा, नाटकातल्या बाईबद्दल तुझी आई आणि मी इतकं भांडलो की आता मलाच कळत नाही. पण तुझी आई एकदा एक बोलली होती ते सांगतो. आणि मी सांगितलं. पुलावरचं, जसंच्या तसं. पाटील नव्हता, कोणी सांगणारं नव्हतं, कडी माझ्या एकटीच्या हातात होती. माझ्या पदरचं काही घातलं नाही. तुमची वकिली केली नाही.

तिच्या हातात तुमचं एक जुनं पातळ होतं, त्याची घडी अर्धी राहिली. तिनं विचारलं, "कवा म्हणली?"

मी सांगितलं, तुझं नर्सिंग सुरू होतं तेव्हा.

तिनं पातळ मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "परत पाठवलं त्याचं मी कवाच सोडून देल्लं, भाऊ. दवाखान्यात रोज पाहतो मी, पोरीइच्या मायाच त्याइले समजावून परत नेतेत. आईनं बी तसंच केलं. पण इतके साल ती माह्यासंग बसून तांदूळ निवडून राह्यली होती, अन् हे तुमाले माहीत होतं अन् मले नाई. मी तिचं अंग पुसलं. तवा बी नाई बोलली. हे नाई जात माह्या मनातून."

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय, तुमची बाजू घ्यायची. तुम्ही भ्यालात, तुम्हाला लाज वाटली, तुम्हाला वाटलं पोरगी तुटेल. हे सगळं ओठांवर आलं आणि मला ते पोरीसमोर म्हणवेना. कारण ती बरोबर होती, बाई. मी म्हटलं, "बरोबर हाय तुह्यं."

तिनं घडी पूर्ण केली, पातळ पिशवीत घातलं, चेन ओढली. डोळे कोरडे होते. उभी राहिली आणि म्हणाली, "चूक तिचीच हाय, भाऊ. माह्या आईचीच. पण आता मी कोणासंग भांडू?"

मी तिला गाडीत बसवून दिलं आणि दुकानात न जाता सरळ घरी आलो. मलाही तेच विचारायचं आहे, गिरजाबाई.